रामेश्वरच्या वाटेवरचं शेवाळ

मुलांनो, संत एकनाथ आणि गाढवाची गोष्ट तुम्हां सगळ्यांना ठाऊक असेल. काशीच्या गंगेची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वरला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत पडलं होतं. नाथांनी मागचापुढचा विचार न करता कावडीतलं पाणी त्याला पाजलं. गोष्ट तिथंच संपते. ती कावड जिथं पोचायची होती ते रामेश्वर मात्र गोष्टीत येतच नाही!

आज आपण तिथंच जाऊ या. देवळाची माहिती तुम्हांला घरातल्या आजी-आजोबांकडून मिळेल. मी सांगणार आहे ती तिथल्या समुद्रातल्या शेवाळाची आणि आपल्या शेतातल्या अळीची हकिगत. शेवाळ समुद्रात, अळी शेतात. या दोघांची गाठ पडायची तरी कशी? थोडा धीर धरा.

पूल ओलांडताना

रामेश्वर तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात आहे, तेही पांबन नावाच्या बेटावर. अलीकडच्या काठावरचं शेवटचं गाव मंडपम. तिथून बेटावर जायला समुद्रावरून दोन किलोमीटरहून लांब पूल आहेत. रेल्वेचा जुना पूल १९१४ साली सुरू झाला. शंभर वर्षांहून अधिक काळ लाटा आणि वादळं सोसून तो आता निवृत्त झाला. त्याच्या शेजारी २०२५ साली नवा पूल सुरू झाला. जहाज आलं की नव्या पुलाचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. मोटारींचा पूल वेगळा. तो १९८८ सालचा.

आम्ही डिसेंबर महिन्यात यात्रेच्या बसनं गेलो होतो. माझ्याबरोबर माझी आई आणि सहावीत शिकणारा भाचा होता. बसमध्ये शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबाही होते. सगळी बस त्यांना अण्णा म्हणायची. पूल आला तसे सगळे खिडक्यांना चिकटले. डाव्या हाताला पाल्कचा उपसागर, उजव्या हाताला मन्नारचं आखात. मधून आमची बस!

हे मन्नारचं आखात म्हणजे समुद्रातलं मोठं जंगलच. मंडपमपासून तूतुकुडीपर्यंत इथं २१ छोट्या बेटांची माळ आहे. त्यांतली काही आता पाण्याखाली गेली आहेत. बेटांभोवती प्रवाळ आहेत आणि समुद्री गवताची कुरणं आहेत. या कुरणांत चरणारी समुद्रगायही इथं आढळते. १९८६ साली या बेटांचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८९ साली सगळं आखात जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

"चहाची पत्ती वाळत घातलीय!"

बावीस कुंडांचं स्नान आणि दर्शन आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्याकडं फिरायला गेलो. वाळूवर तपकिरी, काळपट, जांभळट असं काहीतरी पसरलेलं होतं. भाचा ओरडला, "मावशी, कुणीतरी चहाची पत्ती वाळत घातलीय!"

जवळ गेलो तर समुद्राचा खारट, उग्र वास आला. ते शेवाळ होतं. एक बाई ते काठीनं उलटंपालटं करत होत्या. आमच्याबरोबरचा वाटाड्या मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याच्यामार्फत गप्पा सुरू झाल्या. आईनं त्यांना 'अक्का' अशी हाक मारली, तशा त्या चटकन वळून हसल्या. काय गंमत आहे पाहा, आपले 'अण्णा' आणि 'अक्का' हे शब्द तामिळमध्येही आहेत, आणि अर्थही तेच! आमचे अण्णासुद्धा तिथं गेल्यावर सगळ्यांचे खरोखरचे थोरले भाऊ झाले.

"अक्का, हे खायचं असतं का?" आईनं विचारलं.

अक्का म्हणाल्या, "आम्ही नाही खात. कंपनीत जातं. पण तुम्ही खाता! आइस्क्रीम खाता ना?"

भाच्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण ते खरंच आहे. या शेवाळांतून आगर आणि अल्जिन नावाचे चिकट पदार्थ काढतात. आपल्याकडं जेली करायला 'चायना ग्रास' आणतात, ते म्हणजे हे आगर. अल्जिन आइस्क्रीममध्ये घालतात आणि कापडावर छपाई करतानाही वापरतात.

तामिळमध्ये शेवाळाला 'पासी' म्हणतात. अक्कांनी आम्हांला दोन ढीग दाखवले. आगर ज्यातून निघतं ते 'मरिकोळुंदु' आणि अल्जिन ज्यातून निघतं ते 'कट्टकोरै'. या कट्टकोरैचं शास्त्रीय नाव सरगॅसम. त्याच्या फांद्यांना मोहरीएवढे, ज्वारीएवढे हवेचे फुगे असतात. त्या फुग्यांमुळं ते पाण्यात उभं तरंगतं. अक्कांनी एक फुगा भाच्याच्या हातावर ठेवून फट्कन फोडला.

हे शेवाळ गोळा करणं सोपं नाही बरं का! अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप आत जातं. तेव्हा या बायका होडीनं उथळ पाण्यात जातात. डोळ्यांना चश्मा, कमरेला जाळीची पिशवी, पायांत रबरी सपाता. प्रवाळाच्या धारेनं बोटं कापू नयेत म्हणून प्रत्येक बोटाला चिंधी गुंडाळलेली. मग श्वास रोखायचा आणि बुडी मारायची. खाली गेल्यावर हातानं शेवाळ खुडायचं, वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. असं कित्येक तास. अक्कांच्या बोटांवरचे जुने वण पाहून आई गप्पच झाली.

शेवाळाला पाय नसतात

परत बसमध्ये बसलो तेव्हा अण्णांनी भाच्याला विचारलं, "काय रे, शेवाळाला पाय असतात का?"

"नाही."

"काटे?"

"नाही."

"मग मासा खायला आला, गोगलगाय आली, तर ते काय करत असेल?"

भाचा विचारात पडला. तुम्हीही पाहा बरं विचार करून. धोका दिसला की शेळी पळते. साळिंदर काटे फुलवतं. बाभळीला काटे असतात. पण खडकाला चिकटून बसलेल्या शेवाळानं काय करायचं?

अण्णा म्हणाले, "ते औषध करतं! स्वतःच्या अंगात कडू, तुरट, कधी विषारी रसायनं तयार करतं. खाणाऱ्यानं एक घास घेतला की पुन्हा तोंड लावायचं नाही. हिरडा चघळून पाहिलास का कधी? जीभ कशी आखडते! सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळांत तसलेच तुरट पदार्थ असतात. पोटात गेले की ते अन्नातल्या प्रथिनांना चिकटून बसतात आणि पचन अवघड करतात. हे झालं माशासाठी आणि गोगलगाईसाठी. पण माणसाच्या डोक्यात आलं, की समुद्रातला खादाड जर याला कंटाळतो, तर शेतातला खादाड कंटाळेल का?"

आता कळलं ना, शेवाळाची आणि अळीची गाठ कुठं पडली ते?

पानामागचा पुंजका

रामेश्वरहून कन्याकुमारीला जायला तूतुकुडी, तिरुनेलवेलीवरून रस्ता आहे. तूतुकुडीजवळ रस्त्याच्या कडेला लांबच लांब मिठागरं लागतात. पांढरेशुभ्र मिठाचे ढीग उन्हात नुसते चमकत असतात. त्यापुढं एके ठिकाणी बस चहाला थांबली. टपरीमागं एरंडाचं झाड होतं. त्याच्या एका पानाची पार जाळी झाली होती, हिरवा भाग गायब आणि शिरा तेवढ्या शिल्लक. अण्णांनी ते पान हळूच उलटलं. मागं बारीक बारीक अळ्यांची शाळाच भरली होती!

"ओळखलंत का हिला?" अण्णा म्हणाले. "पानं खाणारी अळी. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा. कपाशी, सोयाबीन, भुईमूग, मिरची, कोबी, एरंड... हिला काहीही चालतं. हिची मादी पतंग पानामागं एकाच ठिकाणी शेकड्यांनी अंडी घालते आणि वर आपल्या अंगावरचे पिंगट केस चिकटवते. शालीत गुंडाळल्यासारखी! अळ्या लहान असतात तोवर एका पानावर गोळ्यामेळ्यानं राहतात. मोठ्या झाल्या की पांगतात. मग दिवसा मातीत, पाचोळ्यात दडी मारायची आणि रात्री चरायचं."

हिचीच चुलत बहीण म्हणजे मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी. ती २०१८ साली भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. ज्यांच्या घरी मका असतो त्यांनी तिचा प्रताप पाहिलाच असेल.

भाच्यानं विचारलं, "मग औषध मारलं की मरत नाही का?"

"मरते. पण सगळ्याच नाही मरत. शंभरांत दोन चिवट निघतात. पुढच्या पिढीला त्यांचीच पिल्लं जास्त. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की शेवटी शेतात चिवटच उरतात. मग माणूस आणखी जास्त औषध मारतो."

इथं मला माझी शाळा आठवली. आमचं गाव कपाशीचं. पावसाळ्यात फवारणी सुरू झाली की वर्गातली दोन-तीन मुलं हटकून गैरहजर. दुसऱ्या दिवशी विचारावं तर उत्तर ठरलेलं, "बाई, पंपाला पाणी भरायला गेलतो." कुणाचे डोळे लाल असतात, कुणाचं डोकं दुखत असतं. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्याही घरी तुमच्याएवढी मुलं असतील. म्हणून अळीला आवर घालायचा, पण माणसाचा जीव न घेता, असा मार्ग कुणी शोधत असेल तर ती गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरातली आहे.

दोन पानांचा प्रयोग

तिरुनेलवेली आणि पाळयंकोट्टई ही ताम्रपर्णी नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरं. पाळयंकोट्टईत इतक्या शाळा-कॉलेजं आहेत की लोक तिला दक्षिण भारताचं ऑक्सफर्ड म्हणतात. तिथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात पॅडिना आणि सरगॅसम या शेवाळांचे अर्क कपाशीवरच्या लाल ढेकण्यावर तपासून पाहिले गेले आहेत. पॅडिना म्हणजे मोराच्या पिसाऱ्यासारखं दिसणारं एक सुंदर शेवाळ. पानं खाणाऱ्या अळीवरही असे प्रयोग प्रयोगशाळांतून झाले आहेत. नदीवरच्या पुलावरून बस जात असताना अण्णांनी असा प्रयोग कसा करतात ते समजावून सांगितलं.

शेवाळ गोड्या पाण्यात स्वच्छ धुऊन सावलीत वाळवतात. त्याची पूड करतात. ती पूड पाण्यात किंवा दुसऱ्या एखाद्या द्रावकात भिजवून अर्क काढतात. मग एरंडाच्या पानाच्या सारख्या आकाराच्या गोल चकत्या कापतात. काही चकत्या अर्कात बुडवतात. काही चकत्या अर्क नसलेल्या नुसत्या द्रावकात बुडवतात. दोन्ही सुकवून काचेच्या वेगवेगळ्या बशांत ठेवतात. मग थोडा वेळ उपाशी ठेवलेल्या सारख्या वयाच्या अळ्या त्यांवर सोडतात. ठरलेल्या वेळानंतर कुठल्या चकतीचा किती भाग खाल्ला गेला ते मोजायचं.

"पण ती साधी चकती कशाला?" भाच्यानं विचारलं.

"वा! हाच खरा प्रश्न," अण्णा खूश झाले. "समज, अर्काची चकती अळीनं खाल्ली नाही. ती अर्कामुळं खाल्ली नाही, की अळीला त्या दिवशी भूकच नव्हती? की ते द्रावकच तिला आवडलं नाही? शेजारी साधी चकती असल्याशिवाय कसं कळणार? तुलना नाही तर प्रयोग नाही."

अशा प्रयोगांत काय दिसलं? काही शेवाळांचे अर्क लावलेलं पान अळ्या कमी खातात. त्यांचं वजन कमी वाढतं. काहींचे कोष नीट होत नाहीत, काही कोषांतून वेडेवाकडे पतंग निघतात. म्हणजे जहाल औषधासारखी अळी पटकन उलटी पडत नाही. ती उपाशी राहते, रखडते. सगळ्याच शेवाळांत हा गुण सारखा नसतो, आणि अर्क कशात काढला त्यावरही तो बदलतो.

"मग बाबांना हेच सांगू?"

भाच्याचे वडील शेती करतात. तो एकदम उत्साहानं म्हणाला, "अण्णा, मग बाबांना सांगतो, औषध बंद, शेवाळ सुरू!"

अण्णांनी मान हलवली. "अजून नाही रे बाबा. काचेची बशी ते तुझ्या बाबांचं शेत, हे अंतर रामेश्वर ते काशीपेक्षा लांब आहे. शेतात ऊन आहे, पाऊस आहे, वारा आहे. अर्क पानावर किती दिवस टिकतो? एका एकराला किती लागतो? मधमाशीला आणि अळी खाणाऱ्या मित्रकिडींना त्याचा त्रास होतो का? खर्च परवडतो का? एवढ्या सगळ्या परीक्षा द्यायच्या असतात."

तुमच्यापैकी काहींनी घरी समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली पाहिली असेल. शेतकरी त्याला 'सीविड' म्हणतात. इफ्कोची 'सागरिका' त्यातलीच. पण ते औषध नव्हे, पिकाचं टॉनिक आहे. मुळं वाढावीत, पिकानं ताण सोसावा म्हणून ते देतात. अळी मारायला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा आणि घरीही सांगा. युरोपात शेवाळातला लॅमिनारिन नावाचा पदार्थ पिकांवर फवारतात. तोही बुरशी किंवा कीड मारत नाही. रोग येण्याआधी झाडाला सावध करतो, जवळजवळ लसीसारखा!

आणखी एक गोष्ट अण्णांनी सांगितली, ती ऐकून सगळी बस गप्प झाली. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर एका लाल शेवाळाचा काढा जंतांवर औषध म्हणून देत असत. त्या शेवाळावर बसलेल्या माश्या मरतात, हेही तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं होतं. १९५८ साली त्यातलं डोमोइक आम्ल शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. पुढं ते झुरळांवरही जालीम ठरलं. पण १९८७ साली कॅनडात शिंपल्यांतले जीव खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. तिघांचा मृत्यू झाला, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. शोध घेतला तेव्हा कारण निघालं तेच डोमोइक आम्ल! समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनी ते तयार केलं होतं आणि त्या वनस्पती खाऊन ते शिंपल्यांत साठलं होतं.

"म्हणून," अण्णा म्हणाले, "निसर्गातलं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असं समजू नका. धोतराही निसर्गातलाच आहे! जे औषध अळीला लागू पडतं ते माणसाला, गुरांना काय करतं, हे आधी तपासायलाच हवं."

समुद्र रिकामा करायचा नाही

इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेली आई मध्येच म्हणाली, "आणि समजा सगळ्या परीक्षा पास झालं, तर? आपल्या सगळ्या शेतांना पुरेल एवढं शेवाळ त्या अक्का बुड्या मारून मारून आणणार का? समुद्रात काय उरेल?"

मुलांनो, माझी आई चौथी शिकलेली आहे, पण प्रश्न मात्र नेमका विचारते. शेवाळ म्हणजे लहान माशांचं पाळणाघर. त्यातच ते लपतात, खातात, वाढतात. ते ओरबाडलं तर मासे कमी होणार आणि कोळीवाड्याचंच पोट मारलं जाणार. तिथल्या बायकांना हे कळतं. महिन्यातले ठरावीक दिवसच पाण्यात उतरायचं, मासे वाढण्याच्या दिवसांत काही आठवडे काम बंद ठेवायचं, धातूचं अवजार न वापरता हातानंच खुडायचं, असे नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले. बेटं राष्ट्रीय उद्यानात आल्यावर तिथं जायला बंधनं आली, तेव्हाही त्यांनी एकत्र येऊन आपलं म्हणणं मांडलं. या बायकांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली 'सीकॉलॉजी' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमेरिकेतली एक संस्था बेटांवरचा निसर्ग जपणाऱ्यांना तो देते.

मग शेवाळाची शेती का करू नये? करतात की! भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचं एक केंद्र मंडपमला आहे. बाहेरच्या देशातून आणलेलं कप्पाफायकस नावाचं शेवाळ या संस्थेनं आपल्या समुद्रात वाढवून दाखवलं. बांबूच्या चौकोनी तराफ्याला दोऱ्या बांधायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा पाण्यात सोडायचा. साधारण ४५ दिवसांत पीक तयार. खत नको, पाणी नको! कितीतरी घरांना त्यातून काम मिळालं. पण यातही एक अडचण निघाली. २००८ साली मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ हे शेवाळ प्रवाळांवर पसरलेलं आढळलं. प्रवाळांचा प्रकाश अडला. म्हणजे शेतीसुद्धा कुठं करायची आणि कुठलं शेवाळ लावायचं, हे पाहूनच करायला हवी.

पाहिलंत ना, 'अळीवर शेवाळ' हे दोनच शब्द, पण त्यात किती जण गुंतलेत! अळी, पान, शेतकरी, फवारणी करणारा मजूर, बुडी मारणारी अक्का, लपलेला छोटा मासा आणि प्रवाळ. एकाचं भलं करताना दुसऱ्याचं वाटोळं होत नाही ना, हे बघतच पुढं जायचं.

घरी करून पाहा

आपल्या गावात समुद्र नाही म्हणून हिरमुसू नका. आपल्याकडं कडुनिंब आहे! १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा बाकीची झाडं ओकीबोकी झाली, पण कडुनिंब हिरवागार उभा राहिला. हाइनरिश श्मुटेरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या ते नजरेला आलं आणि कडुनिंबावर जगभर संशोधन सुरू झालं. तेव्हा अण्णांनी सांगितलेला दोन पानांचा प्रयोग आपण लिंबोळीवर करू.

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. वाळलेल्या लिंबोळ्या कुटून ५० ग्रॅम भरड घ्या. ती फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळून काढा आणि पाणी गाळून घ्या. झाला ५ टक्क्यांचा लिंबोळी अर्क. आता औषध न मारलेल्या एरंडाची किंवा कोबीची दोन सारखी पानं घ्या. आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं दोन्हींची कड आखा आणि चौकोन मोजा. एक पान अर्कात बुडवा, दुसरं साध्या पाण्यात. सावलीत सुकवून दोन बरण्यांत ठेवा. प्रत्येकीत सारख्या आकाराच्या तीन-तीन अळ्या सोडा आणि तोंडाला पातळ कापड बांधा. अळी उचलायला काडी वापरा. केसाळ अळीला तर हात लावूच नका, अंगाला खाज सुटते. चोवीस तासांनी पुन्हा चौकोन मोजा आणि वहीत लिहा. आकडा मनासारखा आला नाही तरी खोडू नका. खरा आला तोच लिहायचा, आणि दोन-तीन वेळा करून पाहायचं.

शेतात गेलात तर पानं उलटून पाहा. पिंगट लवेचा अंड्यांचा पुंजका किंवा जाळीदार पान दिसलं तर ते पान घरच्यांना दाखवा. तेवढं एक पान तोडून नष्ट केलं की शेकडो अळ्या शेतात पांगायच्या आत संपतात, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. शेतीच्या औषधांच्या बाटल्यांना आणि पंपाला मात्र तुम्ही हात लावायचा नाही. फवारणी चालू असताना त्या शेतात थांबायचंही नाही. बाबा किंवा काका फवारायला निघाले की त्यांना विचारा, "हातमोजे घेतले का? तोंडाला बांधलं का? वारा तुमच्या पाठीकडून आहे ना?" लेकरानं विचारलं की मोठी माणसं ऐकतात.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांसाठी एक वेगळं काम. मालवणच्या खडकांवरही सरगॅसम वाढतं. तिथला समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. थंडीच्या दिवसांत ओहोटीला मोठ्या माणसांबरोबर खडकाकडं जा आणि हवेचे फुगे असलेलं शेवाळ ओळखता येतं का पाहा. खडकावरचं उपटू नका. लाटेनं किनाऱ्यावर आणून टाकलेलं असेल त्याचं चित्र काढा, रंग लिहून ठेवा. वर्गात दाखवाल तेव्हा बाकीचेही तुमच्याभोवती गोळा होतील.

आणि हो, लिंबोळीचा अर्क उरला तर तो परसातल्या वांग्याच्या झाडावर शिंपडा. मात्र साबणानं हात स्वच्छ धुऊन मगच जेवायला बसा बरं का! नाहीतर पहिला घास इतका कडू लागेल, की अळ्या ते पान का सोडतात ते तुम्हांला वेगळं शिकवावं लागणार नाही.